मेस्सी गेला, उचल राहिली

बार्सिलोनाच्या करारांचा हिशेब, कोल्हापूरच्या कट्ट्यावरून

५ ऑगस्ट २०२१. पंचगंगेचा पूर ओसरला होता, पण गावातला चिखलाचा वास गेला नव्हता. झोपायच्या वेळेला तालमीच्या ग्रुपवर बातमी पडली, की मेस्सी बार्सिलोना सोडतोय. आधी सगळ्यांना अफवाच वाटली. मग क्लबचं निवेदन आलं आणि ग्रुप गप्प झाला. बऱ्याच वेळानं एकानं लिहिलं, "भावांनो, वर्गणी काढूया. यंदा गणपती साधा करूया, पण गडी थांबला पाहिजे."

एरवी अशा वाक्यावर हशा पिकला असता. त्या रात्री कुणीतरी खरंच विचारलं, "किती लागतील?"

निवेदनात विचित्र गोष्ट होती. क्लबला मेस्सी हवा होता, मेस्सीला क्लब हवा होता, करारही ठरला होता. तरी सही होणार नव्हती, कारण स्पॅनिश लीगचा आर्थिक नियम आडवा आला होता. पुढचे कित्येक महिने मी त्या नियमाला आणि तो राबवणाऱ्या लीगचे अध्यक्ष हावियेर तेबास यांना शिव्या घालत होतो. मग हळूहळू आकडे वाचायला लागलो. आज माझं मत उलटं आहे. नियमानं फक्त दार लावलं. त्या दारापाशी क्लबला आणून उभं केलं ते चांगल्या दिवसांत झालेल्या सह्यांनी, आणि त्या प्रत्येक सहीला टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो.

नोंदणीचं दार

कोल्हापुरात हे समजावून सांगणं सोपं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलकडून खेळा नाहीतर शिवाजी तरुणकडून, हंगामाआधी केएसए या स्थानिक संघटनेकडे नोंदणी झाल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येत नाही. स्पेनमध्येही करार हा खेळाडू आणि क्लब यांच्यातला मामला, पण नोंदणी लीगच्या हातात. आणि लीग नोंदणी करण्याआधी क्लबची वही तपासते.

ही तपासणी २०१३ पासून सुरू झाली. त्याआधी स्पेनमधले क्लब कर थकवत होते, खेळाडूंचे पगार थकवत होते आणि तरी नवे खेळाडू घेत होते. म्हणून लीगनं एक साधं गणित बसवलं. हंगामात येणारं अपेक्षित उत्पन्न धरा. त्यातून मैदान, कार्यालय, प्रवास असे खेळाव्यतिरिक्तचे खर्च वजा करा. कर्जाचे हप्ते वजा करा. उरेल ती संघावर खर्च करायची मर्यादा. तिच्यात खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, अगदी अकादमीचा खर्चही येतो.

आयपीएलमुळे आपल्याला वेगळ्या प्रकारच्या मर्यादेची सवय आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. मुंबई असो वा लखनौ, थैली सारखीच. अमेरिकन फुटबॉलची लीग १९९४ पासून असंच करते. तिथं २०२५ ची मर्यादा प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. या मर्यादेचा हेतू चुरस टिकवण्याचा असतो. स्पेनमध्ये मात्र प्रत्येकाची मर्यादा वेगळी, ज्याच्या-त्याच्या अंथरुणाएवढी. इथं चुरशीचा प्रश्नच नाही, क्लब बुडू नये एवढाच उद्देश. त्यामुळे एखाद्याचं अंथरूण एका रात्रीत आखडलं, तर पायही त्याच रात्री आखडावे लागतात.

बार्सिलोनाचं अंथरूण कसं आखडलं ते बघा. २०१९-२० च्या हंगामात त्यांची मर्यादा ६७ कोटी १० लाख युरो होती, लीगमध्ये सगळ्यात मोठी. सप्टेंबर २०२१ मध्ये ती १० कोटींच्याही खाली आली. त्याच वेळी रेआल माद्रिदची होती ७३ कोटी ९० लाख.

टाळ्यांचा हंगाम

सुरुवात २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली. पॅरिसच्या क्लबनं नेमारच्या करारातली सुटकेची रक्कम, २२ कोटी २० लाख युरो, भरली आणि त्याला नेलं. बार्सिलोनाच्या हातात एका खेळाडूसाठी जगातली सगळ्यात मोठी रक्कम आली आणि ती आल्याचं सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. जमीन विकून नुकत्याच पैसे आलेल्या माणसाला गाडीवाला काय भाव सांगतो, ते आपल्याला माहीत आहे. आधी देम्बेले आला, १० कोटी ५० लाख आणि वर कामगिरीनुसार द्यायच्या रकमा. जानेवारी २०१८ मध्ये कुतिन्यो, १२ कोटी आणि वर आणखी. २०१९ मध्ये ग्रीझमन, १२ कोटी. आम्ही तिन्ही वेळा पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

इथं हिशेबाची एक खुबी समजून घ्यायला हवी, कारण सगळी मेख तिथंच आहे. १२ कोटींना घेतलेल्या खेळाडूचा पाच वर्षांचा करार असेल, तर वहीत पहिल्या वर्षी १२ कोटी खर्च पडत नाहीत. पाच वर्षांवर वाटून दरसाल २ कोटी ४० लाख पडतात. त्यात पगार मिळवायचा. म्हणजे खरेदीच्या वर्षी सगळं झेपतंय असं दिसतं. पण दोन वर्षांनी खेळाडू नको झाला, तर त्याची वहीतली किंमत अजून ७ कोटी २० लाख उरलेली असते. त्याहून कमीत विकला, की राहिलेला तोटा त्याच वर्षी अंगावर येतो. म्हणून त्याला विकतही नाहीत आणि खेळवतही नाहीत. मग उसनवारीवर दुसरीकडे पाठवतात. कुतिन्यो असाच बायर्न म्युनिकला गेला. १४ ऑगस्ट २०२० ला बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ असं धुतलं, त्यातले शेवटचे दोन गोल त्याचे होते. पैसे आपले आणि गोल आपल्यावरच, अशी ती रात्र.

याच खुबीचं दुसरं रूप २०२० मध्ये दिसलं. बार्सिलोनानं तेवीस वर्षांचा आर्थुर युव्हेंटसला ७ कोटी २० लाखांना दिला आणि तिशीला टेकलेला प्यानिच ६ कोटींना घेतला. रोख फरक किरकोळ. पण विकल्याचा नफा लगेच त्याच वर्षात धरता येतो आणि घेतल्याचा खर्च पुढच्या वर्षांवर ढकलता येतो. वही सुंदर दिसली, संघ म्हातारा झाला.

खेळाडूंच्या किमतींपेक्षा जड होते पगार. नेमार गेल्यावर क्लब घाबरला होता, आणि घाबरलेला मालक पगारवाढीला नाही म्हणत नाही. खुद्द मेस्सीचा २०१७ चा करार 'एल मुंदो' या स्पॅनिश वृत्तपत्रानं जानेवारी २०२१ मध्ये छापला. चार हंगामांत मिळून कमाल साडेपंचावन्न कोटी युरोंच्या आसपास, करापूर्वी. डिसेंबर २००० मध्ये तेरा वर्षांच्या याच पोराला घ्यायचं वचन क्लबच्या वतीनं कार्लेस रेक्साच यांनी कागदी नॅपकिनवर लिहून दिलं होतं. मेस्सी त्या पैशांच्या लायकीचा होता का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पण वरचा आकडा एवढा उंच गेला, की बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवून आपले आकडे मागायला लागले.

सभासदांचा कारखाना

एवढं होत असताना कुणी थांबवलं कसं नाही? याचं उत्तर आमच्या भागातल्या माणसाला लवकर कळतं. बार्सिलोनाला मालक नाही. सुमारे १ लाख ४० हजार सभासदांचा तो क्लब, आणि अध्यक्ष निवडणुकीनं ठरतो. म्हणजे आपला सहकारी साखर कारखानाच! चेअरमनला सभासद खूश ठेवायचे असतात, जास्तीचा दर जाहीर करायचा असतो, आणि कर्जाचं ओझं पुढच्या संचालक मंडळाच्या डोक्यावर जाणार असतं. 'सध्या खेळाडू घेऊ नका, कर्ज फेडा' असं म्हणून निवडणूक जिंकलेला माणूस तिथं विरळा, इथंही विरळा.

मग कोविड आला. जवळजवळ एक लाखाचं काम्प नोऊ रिकामं पडलं, तिथलं संग्रहालय बंद झालं, पर्यटक आटले. उत्पन्न थांबलं, करार थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये क्लबनं पिके, टेर स्टेगन, डी याँग, लाँगले यांचे करार वाढवले. तेव्हाचा पगार कमी करून तो पुढच्या वर्षांत द्यायचं ठरलं. आठवड्याभरातच अध्यक्ष बार्तोमेऊंनी राजीनामा दिला. मार्च २०२१ मध्ये जोआन लापोर्ता निवडून आले, आणि ढकललेली सगळी वर्षं त्यांच्या टेबलावर येऊन बसली.

ऑगस्टमध्ये लापोर्तांनी आकडे सांगितले. कर्ज १३५ कोटी युरो. मेस्सीला धरून पगारखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के, त्याला सोडून ९५ टक्के. हा दुसरा आकडा मला वर्षभर बोचत होता. मेस्सी गेल्यावरही शंभरातले पंचाण्णव पगारातच! मेस्सी निम्म्या पगारावर तयार होता, पण त्याचा जुना करार ३० जूनला संपलेला. त्यामुळे त्याची नोंदणी नव्या खेळाडूसारखीच होणार होती, आणि मर्यादा ओलांडलेल्या क्लबला तेव्हाचा नियम सांगत होता : चार युरो वाचवा, मग एक खर्च करा.

आता पेठेतली वर्गणी का चालली नसती, ते कळेल. अडचण एका माणसाच्या पगाराची नव्हतीच. त्याच्यासाठी एक युरोची जागा करायला दुसरीकडून चार कमी व्हायला हवे होते, आणि बाकीच्यांचे करार सह्या होऊन बसले होते. मेस्सी गेल्यावरही नव्या खेळाडूंना नोंदवायला पिकेला स्वतःचा पगार कापून घ्यावा लागला, तेव्हा कुठं देपाय आणि एरिक गार्सिया मैदानात उतरले. क्लबचा त्या हंगामातला पहिला गोल पिकेनंच केला, हे जाता जाता सांगतो.

पालांका म्हणजे उचल

त्याच आठवड्यात एक पळवाट समोर होती. लीगनं सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीशी करार केला होता. त्यातून बार्सिलोनाला कोट्यवधी युरो मिळाले असते, पण टीव्हीच्या उत्पन्नाचा काही हिस्सा पन्नास वर्षं द्यावा लागला असता. लापोर्तांनी नकार दिला. क्लबचं अर्धशतक गहाण टाकणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. ऐकून मलाही अभिमान वाटला.

अभिमान वर्षभर टिकला. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनीच लीगमधल्या टीव्ही उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या कंपनीला विकला. त्याआधीच्या मार्चमध्ये मर्यादा उणे १४ कोटी ४० लाखांपर्यंत गेली होती. उणे! सप्टेंबरमध्ये ती ६५ कोटी ६० लाखांवर पोचली, लेवांडोव्स्की आला, आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. या विक्रीला तिकडं 'पालांका' म्हणतात, म्हणजे तरफ, जड वस्तू उचलायची पहार. आमच्याकडं उद्याच्या कमाईवर आज घेतलेल्या पैशांना सरळ 'उचल'च म्हणतात. ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते, आणि हंगाम कितीही चांगला गेला तरी निम्मा घाम आधीच खर्च झालेला असतो.

संघानं २०२३ मध्ये लीग जिंकली, हे खरं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मर्यादा पुन्हा २७ कोटींवर आली. २०२५ उजाडताना दानी ओल्मो या खेळाडूची नोंदणी लटकली, कारण ती डिसेंबरअखेरपर्यंतच होती. नव्या मैदानातल्या खास आसनांचे भविष्यातले हक्क विकून जागा करायची धडपड झाली. लीगनं नाही म्हटलं आणि शेवटी सरकारच्या क्रीडा मंडळाच्या तात्पुरत्या आदेशावर तो खेळला. साडेतीन वर्षांनी तेच दार, तोच उंबरा.

मग नियम चांगला की वाईट?

नियमात दोष आहेत. स्पेननं आपल्या क्लबांचे पाय बांधले तेव्हा शर्यतीतले बाकीचे मोकळेच होते. म्हणून बार्सिलोनाला न परवडलेला माणूस पाच दिवसांत पॅरिसचा झाला. ज्याचं उत्पन्न आधीच मोठं, त्याची मर्यादा मोठी, म्हणजे छोट्यानं छोटंच राहायचं. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं आता संघखर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर आणण्याचा नियम केला आहे, त्यामुळे निदान शर्यतीचा पट्टा थोडा सपाट होईल.

तरीही मी नियमाच्या बाजूनं आहे. तो नसता तर मेस्सी आणखी दोन वर्षं थांबला असता आणि बिल आणखी मोठं झालं असतं. जो क्लब मेस्सीला थांबवू शकला नाही तो जिवंत आहे, हे मला पुरतं.

चाहता म्हणून मी एवढंच शिकलो. 'कितीला घेतला' हा कमी महत्त्वाचा प्रश्न. 'किती वर्षांचा करार', 'पगार कोणत्या वर्षी वाढतोय', 'शेवटच्या वर्षी गड्याचं वय काय असेल' हे खरे प्रश्न. तिशीनंतरच्या लांब करारावर टाळी वाजवायची नाही. लाडका खेळाडू एक वर्ष आधी विकला तर रडायचं, पण शिव्या द्यायच्या नाहीत.

२०२५ मध्ये बार्सिलोनाच्या तरुण लामिन यामालनं २०३१ पर्यंतचा करार केला. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं पडली. वर्गणी काढायला निघालेला तो आमचा गडी मात्र बराच वेळ गप्प होता. मग त्यानं लिहिलं, "२०३१ ला पगार किती असेल रे?"

त्याला कुणी उत्तर दिलं नाही. पण फटाके थांबले.