थांबून थांबून दिलेली वीज आणि हाडातला धातू

बिरसी हे गोंदिया जिल्ह्यातले गाव विमानतळामुळे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांनी १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, येथे धावपट्टी बांधली. विमानाचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. दमट हवेने तो खराब होऊ नये म्हणून त्यावर विजेने ऑक्साइडचा थर आणतात. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी १९२३ साली इंग्लंडात ही रीत वापरात आली. आमच्या भगिनींच्या स्वयंपाकघरातला काळा हार्ड ॲनोडाइज्ड कुकर याच कुळातला! हा थर कल्हईसारखा वरून लावलेला नसतो. तो धातूच्याच अंगातून उगवलेला असतो.

टायटॅनियम या धातूवरही असाच थर येतो. हाडात बसवायच्या पट्ट्या, स्क्रू आणि कृत्रिम दातांची मुळे या धातूची करतात, कारण हाड त्याला परके मानत नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ साली हे लक्षात आले. आपल्याकडे मजुराचा पाय मोडला की 'रॉड टाकला' म्हणतात. तो रॉड अनेकदा स्टीलचा असतो, कारण टायटॅनियम महाग. पण कोणताही धातू हाडात सैल झाला, तर दुसरे ऑपरेशन आले. पहिल्याच ऑपरेशनला घरची म्हैस विकलेली असते, मग दुसऱ्याला काय विकायचे?

म्हणूनच धातूचा पृष्ठभाग कसा आहे हा केवळ प्रयोगशाळेतला प्रश्न नाही, असे आम्ही म्हणतो.

टायटॅनियमचा तुकडा बॅटरीच्या धन टोकाला जोडून फ्लोराइड मिसळलेल्या द्रवात बुडवला, की दोन कामे एकदम चालतात. वीज ऑक्साइड तयार करते आणि फ्लोराइड तो विरघळवते. दोन्हींचा मेळ बसला की सपाट थराऐवजी उभ्या नळ्यांची दाट रांग वाढते. नळी किती बारीक? शंभर नॅनोमीटरची धरली तर माणसाच्या एका केसाच्या रुंदीत अशा शेकडो नळ्या मावतील. विजेचा दाब वाढवला की नळी रुंद होते, वेळ वाढवला की लांब होते.

मग वीज थांबून थांबून का द्यायची? शेतकरी वाचकांना हे सांगायला नको. विहिरीवर मोटार सतत चालवली तर पाणी तळाला जाते. तासभर बंद ठेवली की झरे विहीर पुन्हा भरतात. नळी खोल गेली की तिच्या तळाशी फ्लोराइड संपत येते, उष्णताही साचते. वीज क्षणभर थांबली की बाहेरचे फ्लोराइड आत उतरते, उष्णता निघून जाते आणि पुढची वाढ एकसारखी होते. मात्र विश्रांती फार लांबली तर तेच फ्लोराइड नळीचे तोंड खाऊ लागते. दाब पूर्ण न तोडता आळीपाळीने चढ-उतार ठेवला तर नळीला बांबूसारखी पेरे पडतात. जर्मनीतील एर्लांगेनच्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवले. पेरांच्या जागी शेजारच्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात.

नळी किती रुंद हवी, यावर मात्र शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. एर्लांगेनच्याच प्रयोगात (२००७) हाडाच्या मगजातील पेशी १५ नॅनोमीटरच्या नळ्यांवर उत्तम रुजल्या आणि १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर मरू लागल्या. अमेरिकेतल्या काहींना रुंद नळ्याही उपयोगी वाटल्या. आमच्या मते हा वाद चांगला आहे, कारण रोग्याच्या हाडात घालण्याआधीच तो झालेला बरा.

आणखी एक अडचण राहतेच. स्क्रू हाडात फिरवताना थर सोलून निघता कामा नये. नळ्या ४५० अंशांच्या आसपास तापवून स्फटिकरूप करतात, तरी त्यांची पकड हा संशोधनाचा विषय आहेच. आपल्या राज्यात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरांवर बरीच वर्षे काम झाले आहे. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी तिकडेही डोळे लावावेत.

तोवर घरात कोणाला पट्टी किंवा रॉड बसवायचा असेल तर डॉक्टरसाहेबांना धातू कोणता ते विचारावे. पाकिटावरचे कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेले स्टिकर कागदांवर चिकटवून घ्यावे आणि ते कागद रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावेत.