फुरशाची दीडशे वर्षं

जेमतेम हातभर लांबीचं फुरसं मऊ वाळूत अंग पुरून नुसतं डोकं वर ठेवू शकतं. कोकणात मात्र ते जास्त भेटतं ते कातळावर: जांभ्याच्या सड्यावर, गडग्याच्या फटीत, रचून ठेवलेल्या चिऱ्यांखाली. नागाची पूजा करणाऱ्या या मुलखात फुरशाच्या वाट्याला पूजा कधी आली नाही, डोक्यावर बक्षीस मात्र लागलं. डिसेंबर 1862 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात थोड्याच दिवसांत मारलेल्या फुरशांचा आकडा लाखावर गेला. एवढं होऊनही 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरला त्याची दखल घ्यावी लागलीच. अंडी न घालता थेट पिल्लं देणारा हा साप बक्षिसाने संपणार नव्हता.

खरा फरक पडला तो इलाजाने. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिनचं नाव मिळालं आणि पुढे नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष तिथे बनू लागलं.

फुरशाचं विष घाई करत नाही. ते रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मधल्या वेळात माणूस ठीक दिसतो आणि श्रेय मांत्रिकाला जातं. या फसवणुकीवर साधी चाचणी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर प्रतिविष द्यायचं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशासाठी ओळखले जातात, पण त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सर्पदंशाचे रुग्णही चिकाटीने नोंदले.

याच विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून टिरोफिबान हे हृदयविकाराचं औषध निघालं. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. सड्यावर अनवाणी कवळ तोडणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

तिच्या कामाचा प्रश्न वेगळा. प्रतिविषासाठी लागणारं विष आज मुख्यतः तमिळनाडूच्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. ही संस्था 1978 मध्ये स्थापन झाली. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, म्हणून तिथल्या विषावर बनलेलं प्रतिविष कोकणात कमी पडू शकतं. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च 2024 मध्ये आला. त्यात महाराष्ट्राचा वाटा म्हणून कोकणातल्या फुरशाचं विष इथेच काढायला हवं.