कार्यशाळा : ऐकायची की करायची?

एका घरातील प्रसंग. कॉलेजात शिकणारा नातू सकाळी घाईने निघाला. "आजी, वर्कशॉपला जातो." आजी म्हणाली, "थांब बाळा, डबा भरून देते." नातू हसला.

आजीचे काय चुकले? तिच्या मालकांची सारी हयात परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. भोंगा, डबा आणि तेलाने माखलेले कपडे, हेच तिचे वर्कशॉप. संध्याकाळी नातू फाईल, पेन आणि प्रमाणपत्र घेऊन परतला. आजीने विचारले, "काय काम केलंस?" "काम नाही गं, भाषणं ऐकली." "मग त्याला वर्कशॉप कशाला म्हणायचं?"

आजीचा प्रश्न बिनतोड आहे. इंग्रजीतील 'शॉप' म्हणजे केवळ दुकान नव्हे, कारागिराची कामाची जागाही. फारसीतून आलेल्या 'कारखाना' शब्दात 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे घर. 'कार्यशाळा' या शब्दातील 'शाळा'ही मुलांची शाळा नव्हे. धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा यांतली ती शाळा, म्हणजे जागा. भाषा तीन, पण अर्थ एकच : कामाचे घर. पुढे विसाव्या शतकात, एकत्र बसून काही करत करत शिकण्याच्या बैठकीलाही हेच नाव मिळाले. तिथेही 'करणे' सुटलेले नव्हते.

आपल्या समाजाला तर या शब्दाचे मोल अधिक आहे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच बजावले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वे वर्कशॉपचीही स्थिती मांडली. आपल्या माणसाला तिथे फारच थोडी कामे खुली होती. मेकॅनिक म्हणून तो क्वचितच घेतला जाई, फोरमन तर नाहीच. हमाल म्हणून लागायचा आणि हमाल म्हणूनच निवृत्त व्हायचा. म्हणजे वर्कशॉपच्या दारातून आत गेला तरी हत्यार त्याच्या हाती येत नव्हते. राबण्याला बंदी नव्हती, शिकण्याला होती.

पुढे राखीव जागा आल्या, आय. टी. आय. आल्या. तिथे फिटरच्या मुलाला व्हाईसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून दिवसच्या दिवस कानस चालवावी लागते. हाताला फोड येतात. पण काटकोन साधला की ती विद्या त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आज आपल्या विहारांतून, सभागृहांतून कार्यशाळा भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हारतुरे, प्रास्ताविक, चार भाषणे, चहा आणि आभार एवढ्यावर दिवस संपत असेल, तर ती सभा झाली. सभा वाईट नव्हे. तिला सभाच म्हणावे.

कार्यशाळा म्हणवणाऱ्यांनी एक साधी कसोटी लावावी : घरी जाताना प्रत्येकाच्या हातून काय घडले? शिष्यवृत्तीची कार्यशाळा असेल, तर मुलांचे अर्ज तिथेच भरून व्हावेत. जात पडताळणीची असेल, तर कागदपत्रे तिथेच लावून, तपासून द्यावीत. वक्तृत्वाची असेल, तर सर्वांत मागे बसलेल्या मुलीला पाच मिनिटे उभे करावे. धम्माची असेल, तर वंदना म्हणताना तिचा अर्थ प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावा. वर्कशॉपमध्ये राबलेले आपले वडीलधारे अजून वस्तीत आहेत. त्यांना महिन्यातून एक रविवार मुलांना हत्यारे धरायला शिकवू द्यावे.

तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे : ये आणि स्वतः पाहा. नुसते ऐकून मानू नका, ही आपली शिकवण. मग ऐकून उठण्यासाठी कार्यशाळा कशाला?

ज्यांच्या हाती हत्यार येऊ दिले गेले नाही, त्यांची आपण लेकरे आहोत. पुढच्या कार्यशाळेहून परतल्यावर आजी विचारील, "काय काम केलंस?" तेव्हा नातवापाशी दाखवायला काहीतरी असावे.