उन्हातले औषध

सून गरोदर राहिली की सासू म्हणते, "पोरी, उन्हात जाऊ नकोस. सावलीत बस." ही माया खरी. पण नऊ महिने सावलीतच बसणे बरे नव्हे. का, ते पाहू.

हाडे घट्ट व्हायला कॅल्शियम लागते. दूध, नाचणी, तीळ यांत ते असते. पण खाल्लेले कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे. ते अन्नात फार थोडे असते. अंगावर ऊन पडले की आपली कातडीच ते तयार करते.

पोटातल्या बाळाला ते आईकडूनच मिळते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'ड' जीवनसत्त्व फार कमी पडले तर आईची हाडे मऊ पडतात, कंबर दुखते. जन्मल्यावर बाळाला झटके येऊ शकतात. पुढे त्याचे पाय वाकतात. त्याला मुडदूस म्हणतात.

काश्मीरमध्ये डॉक्टर कॅथलीन व्हॉन नावाच्या बाई काम करीत. तिथे पडद्यात राहणाऱ्या बायकांची कंबरेची हाडे मऊ होऊन वाकत. मग बाळंतपण अडे. उघड्यावर राबणाऱ्या बायकांना हा आजार क्वचितच होई. बाईंनी हे १९२६ साली लिहून ठेवले.

मग काय करावे? रोज थोडा वेळ हात, पाय, तोंड उघडे ठेवून उन्हात बसावे. काचेतून आलेले ऊन उपयोगी नाही. कोवळे ऊन गोड लागते, पण त्याने हे काम फारसे होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की ते ऊन कामाचे समजावे. थंडीत ही वेळ दुपारी येते, उन्हाळ्यात सकाळीच येते. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र बसू नये.

नुसत्या उन्हावर भागत नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्याव्यात, असे सरकारने २०१४ साली ठरवले. त्यांत 'ड' जीवनसत्त्वही असते. या गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. बाळंतपणानंतरही सहा महिने कॅल्शियम चालू ठेवावे. आपल्या मनाने जास्त गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नये. जास्त झाले तरी अपाय होतो. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा सासूबाई, उद्या सुनेला म्हणा, "ये पोरी, अंगणात जरा उन्हात बसू."