हॉर्नचा ड्रायव्हर घेताना फक्त वॉट बघू नका, हे तीन आकडे बघा

साउंड भाड्याने द्यायचा धंदा सुरू करताय आणि हॉर्नची पेटी घरीच बनवताय? मग दोन ड्रायव्हर शेजारी ठेवून हे तपासा.

पहिलं, सेन्सिटिव्हिटी. एक १०५ डीबीचा, दुसरा १०८ चा. फरक ३ डीबीचाच, पण तेवढाच आवाज काढायला दुसऱ्याला निम्मी पॉवर पुरते. मात्र दोन्ही आकडे १ वॉट, १ मीटरवर आणि सारख्याच हॉर्नवर मोजलेले हवेत.

दुसरं, क्रॉसओव्हर. ४४ मिमी कॉइलचा १ इंची ड्रायव्हर साधारण १५०० ते २००० हर्ट्झच्या वर चालवतात. ७५ मिमी कॉइलचा १.४ इंची १००० च्या आसपासही चालतो. १५ इंची वूफर वरच्या पट्टीत आवाज कडेला पसरवत नाही, म्हणून त्याच्यासोबत मोठा ड्रायव्हर बरा. कडेच्या पाहुण्यांनाही बोलणं स्पष्ट कळतं. कंपनीच्या मर्यादेखाली चालवलात, तर डायफ्रॅम गेलाच समजा.

तिसरं, सुट्या डायफ्रॅमचा भाव. तो तुमच्या गावात लगेच मिळतो का, आधी विचारा. ऐन लग्नात हॉर्न बंद पडला, तर पुढची ऑर्डरही जाते. म्हणून स्पेअर न मिळणारा स्वस्त ड्रायव्हर शेवटी महागच पडतो.