पडद्यामागचा पैसा – लेखांक ५ : कार्यक्रमाचा खर्च कोणाच्या माथी?

सेमिनरी हिल्सवरचा दूरदर्शनचा मनोरा नागपूरकरांना दुरूनही ओळखू येतो. मनोरा, स्टुडिओ, उपग्रहावरची जागा यांवर सरकार कसा खर्च करते, हे मागच्या लेखांकात पाहिले. आजचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जे दिसते ते तयार करण्याचे पैसे कोण देतो? आणि विदर्भातली गोष्ट विदर्भातच, इथल्या माणसांकडून तयार व्हावी म्हणून कुठे काही तरतूद आहे का?

एकेकाळी होती. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ब उपग्रह अवकाशात गेला आणि देशातल्या निवडक ग्रामीण भागांसाठी त्यांच्या भाषेत कार्यक्रम करण्याची योजना मार्गी लागली. महाराष्ट्रातून तिच्यात विदर्भाला स्थान मिळाले आणि निर्मितीसाठी नागपूर पुढे आले. शेती, आरोग्य, मुलांचे शिक्षण असे विषय, गावात सरकारने दिलेला सामुदायिक संच आणि खर्च पूर्णपणे सरकारी. जाहिरातदार येईल की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हते.

पुढच्याच वर्षी हवा बदलली. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकेचा मार्ग खुला झाला. निर्मात्याला पैसा कंपनीकडून मिळू लागला, दूरदर्शनला जाहिरातीचे उत्पन्न. देशभराच्या प्रेक्षकांसाठी ही सोय उत्तम होती. पण कंपनी मोजते ग्राहक. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांधावरची गोष्ट कितीही चांगली असली, तरी साबण विकणाऱ्याला तिच्यात फार रस नसतो. बाजार ज्यांच्यासाठी खर्च करणार नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा, हे तत्त्व तेव्हापासून मागे पडत गेले असे मला वाटते.

दूरदर्शनवर कार्यक्रम येण्याच्या वाटा समजून घेतल्या म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. काही कार्यक्रम केंद्रातले कर्मचारी करतात. काहींची निर्मिती बाहेरच्या निर्मात्याकडे सोपवून दूरदर्शन त्याला पैसे देते. प्रायोजित मालिका वेगळ्या. आणि एक पद्धत अशी, की निर्मात्याने आधी स्वतःच्या खिशातून भाग तयार करायचे आणि मोबदला मंजूर दराने मागाहून मिळायचा. हिशेब तपासला जातो, दर्जा तपासला जातो, सरकारी पैशाची जोखीम कमी होते; या पद्धतीची ही बाजू खरी आहे. पण समजा, अमरावतीच्या एका तरुण निर्मात्याला २६ भागांची मालिका करायची आहे. कॅमेरा भाड्याचा, कलाकारांना रोजचा भत्ता, संकलन, ध्वनी, प्रवास, सगळे रोख. घर किंवा शेत गहाण ठेवल्याशिवाय तो पहिल्या भागापर्यंतही पोहोचत नाही. मुंबईतल्या जुन्या कंपनीकडे मात्र फिरते भांडवल असते. नियम दोघांना एकच, दार मात्र एकालाच उघडे.

१९९७ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारे प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले. पगाराचा भार केंद्राने उचलायचा आणि कार्यक्रमांसाठी महामंडळाने मुख्यतः स्वतःच्या कमाईवर भिस्त ठेवायची, अशी रीत हळूहळू रूढ झाली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी-दूरदर्शनसाठी २५३९.६१ कोटी रुपयांची ‘बिंद’ योजना मंजूर केली. तिच्यात आशयनिर्मितीचा उल्लेख आहे, पण जोर यंत्रणेच्या विस्तारावर आहे. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमावर्ती आणि आकांक्षित जिल्ह्यांसाठी आठ लाखांहून अधिक फ्री डिश संचांची तरतूदही तिच्यात होती. गडचिरोली आणि वाशीम हे आपले आकांक्षित जिल्हे. तिथे संच पोहोचणे गरजेचेच आहे. पण त्या संचावर गडचिरोलीचे गडचिरोलीकराने केलेले काय दिसणार, याचे उत्तर कुठल्याच तक्त्यात नाही.

कॅनडात हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. केबल आणि उपग्रहाद्वारे वाहिन्या घरोघर पोहोचवणाऱ्या परवानाधारक कंपन्यांना उत्पन्नातील ठरावीक टक्का देशी निर्मितीसाठी द्यावा लागतो. तो पैसा आणि सरकारचा वाटा मिळून २०१० पासून ‘कॅनडा मीडिया फंड’ चालतो, टीव्हीसाठीही आणि डिजिटलसाठीही. फ्रेंच भाषेतील निर्मितीला त्यात ठरलेला वाटा आहे. टोरांटो-माँट्रियल या बड्या शहरांबाहेरच्या निर्मात्यांना स्वतंत्र उत्तेजनही आहे. आपल्याकडेही डीटीएच कंपन्या केंद्राला परवाना शुल्क देतात; २०२० च्या निर्णयानुसार ते समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के आहे. पण ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते. म्हणजे वसुलीची वाट तयार आहे, फक्त पैसा निर्मितीकडे वळत नाही.

राज्याचे काय? महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटाला दर्जानुसार अर्थसाहाय्य देते, ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख. ही योजना चित्रपटांसाठी आहे; मालिका आणि वेब मालिका तिच्या चौकटीत बसत नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२० च्या चित्रपट-पर्यटन धोरणात दोन्हींना जागा दिली. २०२१ चा ‘शेरनी’ आठवा. यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या प्रकरणाशी त्याचे साम्य अनेकांनी ओळखले, पण चित्रीकरण झाले मध्य प्रदेशातल्या जंगलात. त्यामागे अनुदान एवढेच कारण असेल असे मी म्हणत नाही. तरीही आपल्या वाघिणीची आठवण करून देणारी गोष्ट पलीकडच्या रानात उभी राहावी, याची मला खंत वाटते.

रामटेकजवळ चित्रनगरीची घोषणा झाली आहे, तिचे स्वागत. मात्र चित्रनगरी भाड्याने जागा देते. गोष्टीचे पहिले पैसे देत नाही. इथे माणसांची वानवा मुळीच नाही. देसाईगंज-वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर सुरू होणारा तिचा हंगाम मुख्यतः तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर चालतो. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लेखक, नट, गायक, नेपथ्यकार सगळे तिथे आहेत. त्यांच्यासाठी फार काही नवे शोधावे लागणार नाही. दूरदर्शनने निर्मात्याला मोबदला हप्त्यांनी द्यावा : संहिता मंजूर होताच पहिला हप्ता, चित्रीकरण पूर्ण झाल्यावर दुसरा, प्रसारणानंतर उरलेला. आणि डीटीएच शुल्कातला एक ठरलेला भाग मुंबईबाहेरच्या मराठी निर्मितीसाठी राखीव. संहिता निवडणाऱ्या समितीत नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीची माणसे बसली पाहिजेत, हेही या तरतुदीच्या नियमांतच लिहावे.

(पुढील लेखांकात : डीडी फ्री डिशवरील जागांचा लिलाव)