भाकरी थापण्याचाही अभ्यास असतो!

नीटचा निकाल लागला की आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएसला लागेल का? नाही तर बीडीएस? बीएएमएस? निदान फिजिओथेरपी? या यादीत एक नाव सहसा येतच नाही, ते म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. आले तरी "हे कसले नवीन?" म्हणून बाजूला पडते.

खरे तर ते नवीनही नाही आणि परकेही नाही. भारतात या शिक्षणाची सुरुवात १९५० साली मुंबईत, केईएम रुग्णालयात झाली. ती करणाऱ्या कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकेतल्या, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन देशातली पहिली शाळा उघडली. १९५२ मध्ये या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा अनेकांना ठाऊक असते. ती ज्यांच्या नावाने आहे, त्या याच कमलाबाई.

मराठीत या शास्त्राला 'व्यवसायोपचार' म्हणतात. हे नाव थोडे फसवते. व्यवसाय म्हटले की आपल्याला नोकरी-धंदा आठवतो. इथे अर्थ मोठा आहे. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळे यात येते : दात घासणे, शर्टाची बटणे लावणे, स्वयंपाक, शाळेतले लिहिणे, खेळणे, बसमध्ये चढणे. आजारपण, अपघात किंवा जन्मजात अडचण यामुळे यातले काही हातून सुटले, तर ते पुन्हा जमवून द्यायचे, हे या तज्ज्ञाचे काम.

मग फिजिओथेरपीपेक्षा वेगळे काय? बेळगावात केएलईचे फिजिओथेरपी महाविद्यालय असल्याने तो विषय आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे. ढोबळ मानाने सांगायचे तर फिजिओथेरपिस्टचा भर हालचाल, ताकद आणि वेदना यांवर असतो, तर व्यवसायोपचार तज्ज्ञाचा भर त्या हाताने करायच्या कामावर. दोघे बरेचदा एकाच रुग्णासाठी शेजारी शेजारी काम करतात.

समजा, घरातल्या आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थोडा हलतो, पण आजीचे म्हणणे एकच, "मला भाकरी थापता आली पाहिजे." आता भाकरी थापायला काय काय लागते? पीठ मळायला खांदा आणि मनगट, थापायला दोन्ही हातांचा मेळ, उभे राहायला तोल, तव्याचा चटका कळायला त्वचेची जाणीव, आधी पाणी की आधी पीठ हा क्रम लक्षात ठेवायला मेंदू. एका साध्या कामाचे असे तुकडे करून पाहण्याला 'अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस' म्हणतात आणि हाच या शिक्षणाचा कणा आहे. कुठला तुकडा तुटला आहे ते कळले, की उपाय सुचतात : परातीखाली ओले फडके घालायचे म्हणजे ती सरकत नाही, ओट्याऐवजी टेबलाशी बसून मळायचे, मुठीत धरायला जाड दांड्याचे उलथने घ्यायचे. आणि सोबत हाताचा सराव.

अभ्यासक्रमाची पारंपरिक रचना साडेचार वर्षांची : चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया. मराठी माध्यमातून आलेल्यांना हा काळ जड जातो, कारण सगळी परिभाषा इंग्रजी. पुढे मानसशास्त्र, सांधे-स्नायूंच्या हालचालींचे शास्त्र, रोगनिदान, अस्थिरोग, मेंदूविकार, मनोविकार, बालरोग. पुस्तकांइतकेच हातकामही असते. गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिक कापून रुग्णाच्या हाताच्या मापाची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, विद्यार्थी स्वतः बनवतात. आणि वॉर्ड तर असतोच. जागतिक संघटनेच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याने प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान १००० तास काम केलेले असावे लागते.

काम फक्त मोठ्या रुग्णालयातच असते असे नाही. स्वमग्न मुले, पेन्सिल धरायला त्रास होणारी मुले, मनोविकारातून सावरून घरच्या दिनक्रमात परतणारी माणसे, यांच्यासोबतही हे तज्ज्ञ काम करतात. कामाच्या जागी शरीराला होणारा त्रास कमी करणे हाही त्यांचाच विषय. निपाणीत तासन्‌तास मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायकांची बोटे, मान आणि पाठ आठवून पाहा, म्हणजे आपल्या भागात या शास्त्राला किती काम आहे ते कळेल.

इथे सीमाभागातल्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी-हिंदी, हे आपण ओझे समजतो. पण या व्यवसायात रुग्णाला आधी विचारावे लागते, "तुम्हाला रोज काय करायचे असते?" शेतातली, चुलीपाशची, देवघरातली कामे त्याच्याच भाषेत समजून घेणारा तज्ज्ञ खरा उपयोगी पडतो. चिकोडीच्या आजोबांशी कन्नडमध्ये आणि खानापूरच्या मावशींशी मराठीत बोलू शकणारी मुलगी हे सहज करील.

आता व्यवहाराचे. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांशी जोडलेली शिक्षणकेंद्रे आहेत, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कर्नाटकात मणिपाल आहे. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या आधारे होतो. ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात एमबीबीएसच्या काही जागा राखीव असतात. व्यवसायोपचाराचे नियम मात्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावेत, ऐकीव माहितीवर राहू नये. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आला आहे, त्यामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी आणि नोंदणीही तपासून घ्यावी. परदेशी जायचा विचार असेल, तर महाविद्यालयाला जागतिक संघटनेची मान्यता आहे का ते आधीच विचारावे. अमेरिकेत या व्यवसायात शिरायलाच पदव्युत्तर पदवी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

आईबाबांना एक विनंती. "डॉक्टर नाही झाला, म्हणून हे घेतले" असे चारचौघांत म्हणू नका. ते वाक्य मुलाच्या मनात पुढची चार वर्षे घर करून राहते. त्याऐवजी प्रवेशाआधी एखाद्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात परवानगी घेऊन त्याला एक दिवस बसू द्या. महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या हातून जेवलेला माणूस पहिला घास स्वतः तोंडात घालतो, ते त्याने डोळ्यांनी पाहिले, की हे क्षेत्र आपले आहे की नाही, ते त्याचे त्यालाच कळेल.